बीएस्सी करताय? दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच ठरवायला लागा

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बॉटनी, झूऑलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी घेतलेली बरीच मुलं ‘पुढे काय?’ हे निकाल लागल्यावर विचारतात. तेव्हा फार उशीर झालेला असतो. आयआयटीसारख्या संस्थांतल्या एमएस्सीच्या प्रवेशासाठीची जॅम परीक्षा फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास भरायचे असतात. तिच्या बायोटेक्नॉलॉजी पेपरात गणित आणि भौतिकशास्त्रही येतं. अकरावीला बी ग्रुप (जीवशास्त्राचा गट) घेऊन गणित सोडलेल्यांचे गुण नेमके तिथेच जातात, म्हणून दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला दोन तास बारावीच्या गणिताला द्याच.

संशोधन करायचं असेल, तर देशातल्या सायन्स अकॅडमींच्या समर फेलोशिपचा (उन्हाळ्यात शास्त्रज्ञांच्या हाताखाली संशोधन करायची संधी) अर्ज दिवाळीच्या सुट्टीत तयार ठेवा. मुदत साधारण नोव्हेंबरअखेर संपते. शिफारसपत्र ऐनवेळी मागितलं, की सर मोघम चार ओळी लिहून देतात.

हालोल-अंकलेश्वरच्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला जायचंय? मग प्रॅक्टिकलची वही नीट ठेवा, ती मार्कांसाठी सुवाच्य उतरवलेल्या जर्नलपेक्षा मोलाची. जिवाणू वाढवायचं मीडियम कोणतं, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) 121 अंशांवर किती मिनिटं चालवला, जिवाणू न टाकलेल्या कंट्रोल प्लेटवर काही वाढलं का, आणि प्रयोग फसला तर का, हे त्याच दिवशी लिहा. सीरियल डायल्यूशनमध्ये (नमुना एकेका नळीत पायरीपायरीने पातळ करताना) दर पायरीला पिपेटची टिप बदलली नाही, तर आधीच्या नळीतले जिवाणू पुढे जातात आणि कॉलन्यांची मोजणी फुगते. मुलाखतीत असं कारण सांगता आलं पाहिजे. नुसत्या टक्केवारीवर तिथे भागत नाही.