उभ्या गाडीची बॅटरी उतरते तेव्हा : जुन्या गाडीतली गळती कशी शोधायची

गाडी दोन दिवस उभी राहिली, किल्ली फिरवली आणि नुसतं ‘टक’ वाजलं, की बहुतेक जण थेट नवी बॅटरी आणतात. काही दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा तीच तऱ्हा. गाडी बंद असताना कुठून तरी करंट वाहत असेल, तर नवी बॅटरीही उतरणारच. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी वारंवार तळाला गेली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि तिची ताकद कायमची कमी होते. म्हणून आधी मोजायचं आणि मगच पाकिटाला हात घालायचा.

पहिल्यांदा दोष खरोखर गळतीचा आहे का, ते पाहा. बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करा, काही तास तशीच ठेवा आणि मल्टिमीटरने (पुढे नुसतं ‘मीटर’) मोजा, १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. मग निगेटिव्ह क्लॅम्प काढून रात्रभर सोडा. काहीच जोडलेलं नसताना सकाळी व्होल्टेज १२.४ च्या खाली गेलं, तर बॅटरीच आतून गेलेली आहे. ती टिकून असेल तर क्लॅम्प परत लावून इंजिन चालू करा. टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. त्याहून कमी असेल तर बॅटरी मुळात भरतच नाही, आणि तो वेगळा आजार आहे.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. मीटरची काळी पिन निगेटिव्ह टर्मिनलवर ठेवा आणि लाल पिन बॅटरीच्या वरच्या प्लास्टिकवरून फिरवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर धूळ आणि ॲसिडचा ओलसर थर दोन टर्मिनलांमधून करंट वाहू देतोय. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडं करा. ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका.

किती करंट जाणं चालतं? कार्ब्युरेटरच्या साध्या गाडीत नुसतं घड्याळ आणि रेडिओची मेमरी असेल, तर १० मिलिअँपिअरच्या आतबाहेर. इंजिन कंट्रोलर (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर), सेंट्रल लॉकिंग, अलार्म असलेल्या गाडीत २० ते ५० पर्यंत. ३० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला पाऊण अँपिअर-तासाहून थोडं कमी. ४० अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभरात निम्मी होणारच, तो काही दोष नव्हे. पण ४०० मिलिअँपिअर जात असतील तर तीच बॅटरी दोन दिवसांत निम्मी होते.

आता तयारी. मोजताना दार उघडता येणार नाही, म्हणून आतल्या फ्यूज बॉक्सपर्यंत हात जाईल अशी सोय आधीच करा. ज्या दाराच्या कुलपातच स्विच असतो, त्याचं कुलूप दार उघडं ठेवून स्क्रूड्रायव्हरने दाबा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. जुन्या गाड्यांत दाराच्या चौकटीवर रबरी टोपीचा बटणासारखा स्विच असतो. तो पट्टीने दाबून बांधा. (काम झाल्यावर हँडल ओढून कुलूप मोकळं केल्याशिवाय दार आपटू नका, कुलूप मोडतं.) बोनेटखाली दिवा किंवा अलार्मचा स्विच असेल तर तोही दाबून ठेवा. काच खाली ठेवा, किल्ली खिशात असू द्या. बॅटरी सोडल्यावर रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. हातातली अंगठी आणि धातूचं कडं काढा. फार जुन्या काही गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. तिथे पुढचं सगळं अर्थिंगच्या वायरवर करायचं.

मीटर निगेटिव्ह टर्मिनल आणि काढलेली निगेटिव्ह वायर यांच्या मध्ये, म्हणजे सिरीजमध्ये बसतो. लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. मिलिअँपिअरच्या भोकापासून सुरुवात केली तर मीटरचा फ्यूज पहिल्याच झटक्यात उडतो. त्याआधी मीटरच्या जागी २१ वॅटचा बल्ब लावून बघा. झगझगीत पेटला तर मोठा करंट वाहतोय, आणि मीटर लावण्याआधी काय चालू राहिलंय ते डोळ्यांनीच शोधा. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती घाईमुळे. क्लॅम्प काढून परत जोडला की कंट्रोलर जागे होतात आणि एखाद-दोन अँपिअर सहज दिसतात. तो आकडा गळतीचा नाही. म्हणून टर्मिनल आणि वायर यांच्यात चिमटे लावलेली एक जाड वायर जोडा, तिच्या समांतर मीटर लावा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि मग ती वायर काढा. जोड एकदाही तुटला नाही, त्यामुळे गाडी झोपलेलीच राहते. काही गाड्यांना पूर्ण झोपायला तासभरही लागतो. आकडा पायऱ्या-पायऱ्यांनी खाली येत असेल तर वाट बघा.

स्थिर झालेला आकडाच बरंच सांगतो. ३.५ अँपिअरच्या आसपास असेल तर मागचे दोन्ही ब्रेक लाइट पेटलेले आहेत, असं समजून आधी तेच पाहा. ४०० मिलिअँपिअर म्हणजे ५ वॅटचा एक बल्ब : ग्लोव्ह बॉक्स, डिकी, आरशाजवळचा दिवा. डिकी बंद झाल्यावर दिवा विझतो का, हे बघायला फोनवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवा आणि झाकण लावा. १५० ते २०० असेल तर एखाद्या रिलेची (करंटवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल ओढलेली राहिलीय. रिलेंवर बोट फिरवा, त्यातला एक कोमट लागेल.

ब्रेक स्विचबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण जुन्या गाडीत हा दोष वारंवार निघतो. पेडलच्या दांड्यावर एका भोकात प्लास्टिकची छोटी गुंडी बसवलेली असते आणि तीच स्विचचं बटण दाबून धरते. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने ती ठिसूळ होऊन फुटते. बटण सरळ भोकातून आरपार जातं आणि दिवे पेटलेले राहतात. पेडलखालच्या मॅटवर प्लास्टिकचा चुरा दिसला तर दुसरं काही शोधायचं कारण नाही.

आकड्यावरून उलगडा झाला नाही तर फ्यूज. आधी फ्यूज बॉक्सचा फोटो घ्या. एकेक फ्यूज काढा आणि बाहेरच ठेवा, कारण परत घातला की त्यावरचं युनिट पुन्हा जागं होऊ शकतं. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, ती आपली लाइन. फ्यूज न काढताही शोधता येतं, आणि कंट्रोलरवाल्या गाडीत तेच जास्त चांगलं : ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके असतात, त्यांवर मीटर मिलिव्होल्टमध्ये लावा. १० अँपिअरच्या फ्यूजमधून १०० मिलिअँपिअर जात असतील तर पाऊण मिलिव्होल्टच्या आसपास दिसतं. फ्यूज मोठा असेल तर तेवढ्याच करंटला आकडा कमी येतो.

फ्यूज सापडला म्हणजे काम अर्धंच झालं. एका फ्यूजवर घड्याळ, आतला दिवा, रेडिओ असं बरंच काही असतं. तो परत लावून एकेकाचा कनेक्टर सोडा. सगळं सोडूनही करंट वाहत असेल तर वायरिंगकडे या : दाराच्या बिजागरीजवळचा रबरी पाइप, डिकीच्या झाकणाची वळणावरची वायर, पाणी शिरून हिरवा गंज चढलेले कनेक्टर.

सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, संशयित. त्याची जाड वायर बहुधा थेट बॅटरीला जाते. आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळका झाला की करंट उलटा वाहतो. इंजिन केव्हाच गार झालेलं असताना अल्टरनेटर हाताला कोमट लागतो. तपासायला आधी बॅटरीची निगेटिव्ह बाजू पूर्ण सोडा, मग अल्टरनेटरची तीच जाड वायर (बी प्लस) काढून टेपने गुंडाळा, आणि मीटर पुन्हा जोडा. आकडा पडला तर निदान पक्कं.

नंतर बसवलेल्या वस्तूंवर माझा संशय नेहमीच जास्त असतो. स्टिरिओची पिवळी वायर कायम चालू आणि लाल वायर किल्लीवर असायला हवी. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळल्या असतील तर स्टिरिओ कधीच झोपत नाही. ॲम्प्लिफायर, ट्रॅकर, डॅशकॅम यांचे जोड बऱ्याचदा फ्यूज बॉक्स टाळून थेट बॅटरीवर टाकलेले असतात, म्हणून पॉझिटिव्ह टर्मिनलवरून निघणारी प्रत्येक बारीक वायर कुठे जाते ते बघा.

दुरुस्तीनंतर अर्धा तास थांबून पुन्हा मोजा. दिवसा आकडा बरोबर आणि तरी बॅटरी उतरतेच, असं असेल तर किमान-कमाल आकडा साठवणारा मीटर रात्रभर लावून ठेवा. त्याचं आपोआप बंद होणं आधी रद्द करा, नाहीतर पहाटे जागा होणारा रिले त्यात सापडणार नाही.