लिनक्स लॅपटॉपवर वाय-फाय सुरू करताना आधी चिप ओळखा

जुन्या लॅपटॉपवर उबुंटू, मिंट किंवा डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवली, पडदा, आवाज, कळफलक सगळे नीट चालू झाले आणि वाय-फाय तेवढे दिसत नाही, अशी तक्रार इंदुरातील मराठी परिचितांकडून, मग ते रामबागेतले असोत वा सुदामानगरातले, मी वारंवार ऐकतो. अशा वेळी बहुतेक जण लॅपटॉपच्या मॉडेलचे नाव घेऊन उपाय शोधू लागतात आणि वेळ बहुधा तिथेच वाया जातो. एकाच मॉडेलमध्ये निरनिराळ्या कंपन्यांची वाय-फाय कार्डे बसवलेली असू शकतात. म्हणून एकाला लागू पडलेला उपाय तेच मॉडेल वापरणाऱ्या दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. शोध घ्यायचा तो कार्डावरील चिपच्या क्रमांकाचा.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा द्यावी. (येथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या छोट्या रोमन अक्षरांत लिहाव्यात.) येणाऱ्या यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे लिहिलेली ओळ शोधावी. तिच्या शेवटी चौकटी कंसात दोन भागांचा क्रमांक असतो. पहिला भाग कंपनीचा असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस आणि १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. दुसरा भाग त्या विशिष्ट चिपचा असतो. उदाहरणार्थ १४ई४:४३६५ ही ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२ चिप होय. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे की नाही, हेही पाहावे. ती नसेल, तर चिपला कोणताही ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, लागलेला नाही. कार्ड यूएसबीचे असल्यास असाच दोन भागांचा क्रमांक ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने कळतो.

ड्रायव्हरची ओळ दिसत असूनही वाय-फायचे जाळे सापडत नसेल, तर ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा द्यावी. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल, तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने अडथळा दूर होतो. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल, तर मात्र कोणत्याही आज्ञेचा उपयोग नाही. लॅपटॉपच्या कडेला असलेले छोटे बटण किंवा एफएनसह दाबायची कळ तपासावी.

पुढच्या पायऱ्यांसाठी इंटरनेट लागते, आणि वाय-फाय तर बंद आहे. त्यासाठी अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्याच्या सेटिंगमधील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लिनक्स ते सहसा वेगळा ड्रायव्हर न मागता ओळखते. फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही.

इंटेल आणि अथेरॉसच्या चिपचा ड्रायव्हर बहुधा कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो. अडते ते फर्मवेअरपाशी, म्हणजे चिप सुरू होताना तिच्यात भरल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमपाशी. ‘सुडो डीएमईएसजी’ या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत ‘फर्मवेअर’ आणि ‘फेल्ड’ हे शब्द एकाच ओळीत दिसले, तर उबुंटूत ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज अद्ययावत करावे आणि डेबियनमध्ये इंटेलसाठी ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ बसवावे. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळते; त्याआधीच्या आवृत्तीत ते वेगळे घ्यावे लागे. रिअलटेकच्या बाबतीत कर्नलची आवृत्ती फार महत्त्वाची आहे. पुष्कळ लॅपटॉपमध्ये आढळणाऱ्या आरटीएल८८२१सीई चिपचा ड्रायव्हर कर्नल ५.९ पासून आत आला, त्यामुळे जुन्या प्रणालीवर झटापट करण्यापेक्षा नवी आवृत्ती बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

सर्वांत जास्त त्रास ब्रॉडकॉम देते. बीसीएम४३१४२ सारख्या चिपला कंपनीचा बंदिस्त ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर लागतो. उबुंटूत त्याचे पॅकेज ‘बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स’ असून ते ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या खिडकीतूनही बसवता येते; डेबियनमध्ये त्याचे नाव ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ आहे. हा ड्रायव्हर तुमच्याच यंत्रावर, चालू कर्नलसाठी तयार होतो, म्हणून त्या कर्नलचे ‘लिनक्स-हेडर्स’ पॅकेज असणे आवश्यक आहे. कर्नल अद्ययावत झाल्यावर तो कधी कधी तयार होत नाही आणि कालपर्यंत चालणारे वाय-फाय नाहीसे होते. अशा वेळी संगणक सुरू होताना ग्रबच्या (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीतून आधीचा कर्नल निवडावा. या चिपच्या मालकांनी जुना कर्नल काढून टाकू नये.

‘सिक्युअर बूट’ (स्वाक्षरी नसलेले प्रोग्रॅम अडवणारी सुरक्षा) चालू असेल, तर असा ड्रायव्हर बसूनही स्वाक्षरीअभावी चालत नाही. ड्रायव्हर बसवतेवेळी उबुंटू एक पासवर्ड मागते. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो, तेथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत हा पडदा ओलांडून पुढे जाणारे पुष्कळ असतात, आणि मग ड्रायव्हरच खराब आहे असा त्यांचा समज होतो.

एवढे करूनही चिप वठणीवर येत नसेल, तर कार्ड बदलावे. कार्डासाठी एम.२ प्रकारची जागा असलेल्या लॅपटॉपसाठी इंटेलचे एएक्स२०० किंवा एएक्स२१० चांगले. एएक्स२०१ आणि एएक्स२११ मात्र इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांबरोबरच चालतात, म्हणून इंदुरातील जेल रोडवर खरेदी करताना शेवटचा आकडा नीट वाचून घ्यावा. काही जुन्या लॅपटॉपचे बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अनोळखी कार्ड स्वीकारत नाही. त्यांच्यासाठी एआर९२७१ चिपचा यूएसबी अडॅप्टर घ्यावा; तो केवळ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो, पण त्याचा खुला ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे.