आठ ते बारा वर्षांच्या वाचकांना नवी कादंबरी सुचवताना या चुका टाळा

मुलांच्या वाचनालयात पुस्तके सुचवण्याचे काम करताना पालक, शिक्षक आणि नव्याने आलेले स्वयंसेवक यांच्या हातून त्याच त्या चुका होताना मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की, त्या एकदा लिहून काढणे भाग पडले. त्यांतली सर्वांत मोठी चूक मी स्वतःही केलेली आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

ती चूक म्हणजे पुस्तक शेवटपर्यंत न वाचता सुचवणे. जुन्या पुस्तकाच्या बाबतीत हे बरेचदा खपून जाते, कारण ते कोणी ना कोणी वाचलेले असते आणि त्याचे गुणदोष आपल्या कानांवर आलेले असतात. नव्या कादंबरीच्या बाबतीत मात्र हाती असते ते केवळ मुखपृष्ठ, मलपृष्ठावरचा मजकूर आणि सुरुवातीची दोन-चार परीक्षणे. मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तक खपावे म्हणून लिहिलेला असतो आणि कथेचा उत्तरार्ध झाकून ठेवणे हा त्याचा शिरस्ताच असतो. म्हणजे ज्या भागाची माहिती सुचवणाऱ्याला सर्वाधिक हवी, नेमका तोच भाग तिथे सापडत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या एका नव्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर घरीच बनवलेल्या विमानात बसलेला मुलगा होता. पहिली चाळीस पाने पोट धरून हसवणारी होती आणि तेवढ्या भांडवलावर मी ती दहा वर्षांच्या एका मुलाला दिली. तीन दिवसांनी त्याने ते पुस्तक माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, "ताई, तुम्ही हे पूर्ण वाचलं होतं का?" मी त्याच रात्री ते वाचून काढले. ते विमान निम्म्या पुस्तकातच मोडते आणि पुढची सगळी कथा आईवडिलांच्या वेगळे होण्याची आहे. त्या मुलाच्या घरी त्या दिवसांत तेच चालले होते आणि मला ते ठाऊक होते. कादंबरी वाईट नव्हती, किंबहुना फार चांगली होती. अमेरिकेतील अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मुलांच्या पुस्तकांना आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारे अशी उपमा दिली होती: आरशात वाचकाला स्वतःचे आयुष्य दिसते, खिडकीतून दुसऱ्याचे, आणि दारातून त्या जगात शिरता येते; मी त्या मुलाला खिडकी म्हणून आरसा दिला होता आणि तोही पूर्वसूचना न देता. पुढे तशाच परिस्थितीतल्या एका मुलीला कथेत काय आहे ते आधी सांगून मी तीच कादंबरी दाखवली, तेव्हा तिने ती दोनदा नेली. म्हणून दुःखाची पुस्तके मुलांपासून लपवावीत, असे माझे म्हणणे मुळीच नाही.

शेवटचे पान वाचल्याशिवाय पुस्तक पुढे करायचे नाही, ही तेव्हापासून माझी सवय आहे. "एवढे वाचायला वेळ कुठे आहे?" असे नवे स्वयंसेवक विचारतात आणि तयार याद्यांवर विसंबून पहिल्याच आठवड्यात चाळीस पुस्तके सुचवून मोकळे होतात. या वयासाठीच्या बऱ्याच कादंबऱ्या तीस ते पन्नास हजार शब्दांच्या असतात आणि त्यांना दोन-तीन संध्याकाळी पुरतात. ज्याच्याकडे तेवढ्याही नसतील, त्याने कमी पुस्तके सुचवावीत. न वाचलेले पुस्तक द्यायचेच असेल, तर "हे मी वाचलेले नाही, तू वाचून मला सांग" असे स्पष्ट सांगून द्यावे. बहुतेक मुले ही कामगिरी मोठ्या ऐटीत पार पाडतात.

दुसरी चूक आकड्यांवर विसंबण्याची. 'आठ ते बारा' ही प्रकाशकांची आणि ग्रंथपालांची सोय आहे. आठ वर्षांचे मूल चित्रांच्या पुस्तकांतून नुकतेच बाहेर पडलेले असते, तर बारा वर्षांचे मूल मोठ्यांच्या कपाटात डोकावत असते. नायकाच्या वयावरूनही वाचकाचे वय ठरवू नये, कारण मुलांना आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या मुलांविषयी वाचायला आवडते आणि लेखकांनाही ते माहीत असते. पुस्तकाची भाषा किती अवघड आहे ते अंकात सांगणारी लेक्साइलसारखी मापनपद्धती वाक्यांची लांबी आणि शब्दांची वारंवारता मोजते, आशय मोजत नाही. त्यामुळे छोट्या वाक्यांत लिहिलेल्या प्रौढांच्या कादंबरीलाही मुलांच्या पुस्तकाएवढाच अंक मिळू शकतो. "आमची मुलगी वयाच्या पुढचे वाचते" असे अभिमानाने सांगणाऱ्या पालकांना मी हे दर वेळी समजावते आणि बहुधा ते ऐकत नाहीत. पुरस्काराच्या शिक्क्याचेही तसेच आहे. अमेरिकेत बालसाहित्यासाठी १९२२ पासून दिल्या जाणाऱ्या न्यूबेरी पदकाच्या नियमांत मूल म्हणजे चौदा वर्षांपर्यंतची व्यक्ती, त्यामुळे तो शिक्का पाहून नऊ वर्षांच्या मुलाला पुस्तक देण्यापूर्वी ते स्वतः वाचणे बरे.

वयाऐवजी मी मुलाला एकच प्रश्न विचारते: अर्धवट सोडलेले शेवटचे पुस्तक कोणते आणि ते कुठे सोडले? आवडते पुस्तक विचारले की मुले मोठ्यांना रुचेल असे उत्तर देतात, पण सोडलेल्या पुस्तकाबद्दल ती खरे बोलतात. कोणाला प्रकरणे लांब वाटलेली असतात, कोणाला पात्रांच्या नावांचा गोंधळ झालेला असतो, तर कोणाला कथा सुरू व्हायलाच साठ पाने लागलेली असतात. त्यावरून पुढचे पुस्तक निवडणे सोपे जाते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. मालिकेचा पहिलाच भाग प्रसिद्ध झाला असेल, तर तसे आधी सांगावे. कथा ऐन रंगात आलेली असताना वर्षभर थांबावे लागले की मुले रुसतात आणि त्यांचे रुसणे रास्तच असते. मुलांची पुस्तके आणि मुलींची पुस्तके असे वेगळे ढीग करू नयेत. चित्रकादंबरीला 'खरे वाचन नव्हे' म्हणू नये. एका वेळी तीनपेक्षा अधिक पुस्तके पुढे मांडू नयेत. पुस्तक पूर्ण करण्याची सक्ती करू नये. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे जे दहा हक्क मांडले, त्यांत पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क तिसरा आहे.

आणि पुस्तक परत आल्यावर "यातून काय शिकलास?" हा प्रश्न तर कधीच विचारू नये. मी पुस्तक घेते, मूल आपणहून बोलले तर ऐकते आणि बोलले नाही, तर ते आता तीच फळी धुंडाळते की दुसरीकडे वळते, एवढे पाहून ठेवते.