या चुका टाळा: बदकिणीखाली पिल्लं काढताना

बाविसाव्या दिवशी कंटाळून अंडं फोडलं आणि आत पिल्लू जिवंत निघालं, असं सांगणारा कुणी ना कुणी बदकं पाळणाऱ्यांत भेटतोच. कोंबडीचे २१ दिवस डोक्यात पक्के बसलेले असतात, त्यामुळे बदकालाही तोच हिशेब लावला जातो. साध्या बदकाच्या अंड्याला २८ दिवस लागतात. तोंडावर लाल गाठी असलेल्या जड मस्कोवी बदकाच्या अंड्याला ३३ ते ३५. नर मस्कोवी आणि मादी साधी असेल, तर पिल्लं या दोन्हींच्या मधल्या दिवसांत निघतात आणि पुढे वांझ राहतात. म्हणून बसवण्याआधी अंडं कोणाचं आणि नर कोणता, हे माहीत हवं. बसवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

माझ्या मते रवण (पिल्लांसाठी अंडी उबवायला बसवणं) बिघडते ती बसवण्याआधीच्या आठवड्यात किंवा शेवटच्या तीन दिवसांत. मधल्या काळात आपण जितकं कमी करू तितकं बरं.

खाकी कॅम्पबेल खुडूक होण्याची वाट बघणं

ही जात अंड्यांसाठी तयार केलेली आहे. वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देणाऱ्या मादीचा बसण्याचा गुण बहुतेक मारला गेलेला असतो. पांढऱ्या पेकिनचंही फारसं वेगळं नाही. बसायला मस्कोवी उत्तम, त्याखालोखाल गावठी बदकीण. दोन्ही नसतील तर खुडूक कोंबडी आहेच. बंगाल-आसामपासून केरळपर्यंत बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवण्याची जुनी पद्धत आहे.

मादी दुपारभर घरट्यात दिसली म्हणून लगेच तिच्याखाली अंडी ठेवू नका. ती छातीची मऊ पिसं उपटून घरट्यात अंथरते, हात जवळ नेला की अंग फुगवून फुसकारते, आणि दिवसातून एकदाच उठून भलीमोठी, घाण वासाची विष्ठा टाकते. ही लक्षणं दिसली आणि सलग दोन रात्री ती घरट्यातच राहिली, तर तिचा विचार पक्का समजा. तोवर जुनी किंवा खोटी अंडी खाली ठेवून चालतं.

अंडी निवडताना

बदकं बहुतेक अंडी रात्री उशिरा ते सकाळी लवकर घालतात, तीही जागा न बघता. पहाटेच मोकळी सोडली तर अंडं चिखलात नाहीतर डबक्यात सापडतं. आठ-नऊ वाजेपर्यंत खुराड्यात कोंडून ठेवा, खाली कोरडा पेंढा असू द्या. मळलेलं अंडं धुऊन रवणीला लावण्याची सवय फार जणांना असते. कवचावरचा पातळ संरक्षक थर धुतल्याने जातो आणि जंतूंना वाट मोकळी होते. थोडी घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. फारच बरबटलेलं अंडं रवणीला लावू नका.

साठवण सात दिवसांपर्यंत ठीक. फ्रिजमध्ये ठेवू नका. ओल्या वाळूत रोवलेल्या मडक्यात, वर सुती फडकं बांधून अंडी चांगली राहतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पिल्लं काढण्याचा नाद सोडलेला बरा. त्या उष्म्यात न बसवलेल्या अंड्यातही वाढ अर्धवट सुरू होते आणि आतला जीव मरतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात सोयीचा.

पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. मादी बसली की नराला वेगळं ठेवा, नाहीतर ती पाण्यासाठी उठली रे उठली की तो मागे लागतो.

सगळी अंडी एकाच दिवशी ठेवा

बदकीण रोज एक अंडं घालत जाते आणि शेवटी सगळ्यांवर एकदम बसते, म्हणून पिल्लंही एकदम निघतात. आपण आज चार, परवा तीन असं सरकवत गेलो की हे गणित मोडतं. पहिली पिल्लं चालायला लागली की एक-दोन दिवसांत आई त्यांना घेऊन निघते आणि मागची अंडी थंड पडतात. मस्कोवीची आणि साध्या बदकाची अंडी एका घरट्यात ठेवण्याची चूकही याच जातीची. तिथे तर आठवड्याचा फरक पडतो.

शेजारची बदकीणही हळूच येऊन त्याच घरट्यात अंडं घालून जाते. म्हणून बसवलेल्या प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खूण करा आणि बिनखुणेचं अंडं रोज काढून घ्या. बदकिणीखाली दहा-बारा अंडी, कोंबडीखाली सहा-सात. जास्त ठेवली की कडेची गारठतात, आणि कडेची आलटून-पालटून आत जात असल्याने नुकसान सगळ्यांचंच होतं.

मधले दिवस

बदकीण दिवसातून एक-दोनदा अंडी पिसांनी झाकून पंधरा मिनिटं ते अर्धा तास बाहेर जाते. तिला हाकलत परत घरट्यावर आणू नका. जवळ दाणे आणि अंग बुडेल एवढं पाण्याचं घमेलं असलं की ती खाते, डुंबते आणि ओलं पोट घेऊन परत बसते. अंड्यांना लागणारा ओलावा तिथूनच मिळतो. कोंबडी पाण्यात उतरत नाही, त्यामुळे तिच्याखाली अंडी असतील तर दहाव्या दिवसानंतर ती चरायला उठली की कोमट पाण्याचा हलका शिपका मारा. अंडी तिच्या मानाने मोठी असतात, म्हणून दिवसातून दोन-तीनदा हाताने फिरवा. बसवण्याआधी तिच्या पिसांतल्या उवाही बघून घ्या. उवांनी हैराण झालेली कोंबडी २८ दिवस टिकत नाही.

सातव्या-आठव्या दिवशी एकदा अंडी तपासायची. रात्री दिवे घालवून टॉर्च मुठीत धरा आणि अंड्याचं रुंद टोक तिच्यावर टेकवा. गडद ठिपक्यातून कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा फुटलेल्या दिसल्या तर अंडं चांगलं. नुसता पिवळसर उजेड आरपार आला तर ते फळलेलं नाही. शिरांऐवजी लाल कडं दिसलं, तर जीव धरून मेलेला. शेवटची दोन्ही काढून टाका, कारण कुजलेलं अंडं घरट्यात फुटलं की त्याची घाण चांगल्या अंड्यांनाही बाधते.

शेवटचे तीन दिवस

साध्या बदकाची अंडी असतील तर पंचविसाव्या दिवसानंतर ती फिरवणं आणि उचलून बघणं बंद. कवचाला पहिली चीर पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला २४ तास लागतात, कधी ४८ सुद्धा. चीर पडून बारा तास झाले, काहीच हालचाल नाही, असं वाटून हात शिवशिवतात. पण त्याच वेळात आतल्या शिरांमधलं रक्त पिल्लाच्या अंगात परत जात असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. कवच आधी सोललं तर रक्तस्राव होऊन पिल्लू मरतं. दोन दिवस उलटले आणि आतला पापुद्रा कागदासारखा सुकून तपकिरी झाला असेल, तरच तो कोमट पाण्याने ओलावून चोचीपाशी थोडं भोक मोठं करा. लाल शीर दिसली की तिथेच थांबा.

या दिवसांत मुंग्यांवर नजर ठेवा. ओल्या कवचाच्या वासावर लाल मुंग्या रात्रीतून रांग लावतात आणि अर्धवट बाहेर आलेल्या पिल्लाला जिवंत सोडत नाहीत. राखेचं किंवा हळदीचं रिंगण दमट हवेत फार वेळ टिकत नाही. बसवण्याआधीच आसपासची वारुळं शोधा. कोंबडीची पाटी स्टुलावर ठेवता येते, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की काम झालं. घूस, मुंगूस आणि साप यांच्यासाठी बारीक जाळी खालपर्यंत, जमिनीत थोडी पुरलेली हवी.

पिल्लं निघाल्यावर

पहिला दिवस दाणा लागत नाही, पोटातला बलक पुरतो. पाण्याचं भांडं उथळ हवं, पण नाकपुड्या बुडतील इतकं पाणी असू द्या आणि त्यात गोटे टाका. आईखाली वाढणाऱ्या पिल्लांच्या पिसांना तिच्या अंगाचं तेल लागतं. कोंबडीखाली निघालेल्यांना ते मिळत नाही. पहिल्या तीन-चार आठवड्यांत ती खोल पाण्यात गेली तर भिजून गारठतात. (काठावर कोंबडीचा जो आकांत चालतो तो बघण्यासारखा असतो.)

खाद्य ओलसर कालवून द्या, कोरडी भुकटी घशात अडकते. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड मात्र चिमूटभरही नको. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष कोंबडीच्या पिल्लापेक्षा बदकाच्या पिल्लाला कितीतरी लवकर मारतं. नुसत्या कण्यांवर किंवा कोंबडीच्या खाद्यावर वाढवलेली पिल्लं लंगडायला लागली, तर नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडत असण्याची शक्यता असते. रोजच्या खाद्यात थोडं ब्रूअर्स यीस्ट मिसळा आणि पाय वाकण्याआधी पशुवैद्यकाला दाखवा.