फॅशन डिझायनिंगमधे येताय? आधी कटिंग शिका, मग ईमेल लावा

नागपुरात राहून फॅशन डिझायनिंगमधे काही होतं का, असं कोणी ना कोणी मुलगी मला विचारतच असते. होतं नं! मी डिप्लोमा केला, स्केचिंग भरपूर झालं, पण हात बसला तो महालातल्या एका टेलरकाकांकडे आठ महिने नुसतं कटिंग केलं तेव्हा. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, अर्धा इंच चुकला की अख्खा ब्लाऊज कसा ओढतो ते तिथे कळलं. म्हणून कोर्स कुठलाही करा, सोबत मशीनवर बसा, गांधीबागेतून मांजरपाट आणा आणि आधी त्याच्यावर कापून पाहा.

मी करवती साड्यांवरचे ब्लाऊज शिवते. आपल्या विदर्भाची टसरची साडी, काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, बाहेरगावी लोकांना फार आवडते. ऑनलाइन विकायला लागली तर पहिल्याच दिवाळीत पाच ब्लाऊज परत आले, कारण 36 म्हणजे कोणी अंगाचं माप दिलं, कोणी शिवलेल्या ब्लाऊजचं.

मग ईमेल पाठवणाऱ्या एका ऑनलाइन टूलमधे ऑटोमॅटिक ईमेल लावला. ऑर्डर पडली की लगेच जातो: नीट बसणारा जुना ब्लाऊज बटणं लावून टेबलावर सपाट ठेवा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, त्याची दुप्पट करा. सोबत टेप लावलेला फोटो, तो फोटोच खरं काम करतो. दोन दिवसांत माप नाही आलं तर आठवणीचा मेल, पण माप आलं की तो थांबला पाहिजे, ही अट टूलमधे आठवणीने टाका, नाहीतर माप दिलेल्या बाईलाही परत मागत राहतो आणि ती चिडते, बरोबरच आहे तिचं. ऑफरचे मेल मात्र ज्यांनी हो म्हटलं त्यांनाच.

आणि टूलमधून साध्या जीमेलच्या पत्त्यावरून पाठवू नका. माझे मेल स्पॅममधे जात होते, पुण्याच्या एका ताईंचा लग्नाच्या चार दिवस आधी फोन, "माप कुठे पाठवू?" कापड तसंच घडी घातलेलं! रात्रभर बसून शिवला. स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा वेबपत्ता घ्या, टूल एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कच्या ओळी देतं (मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे हे त्यांवरून तपासतात) त्या डोमेनच्या डीएनएस सेटिंगमधे टाका. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत, जीमेलवर दिवसाला 5000 च्या वर पाठवणाऱ्यांना तर तिन्ही लागतात, पण छोट्यांनीही पहिल्या दिवसापासून करून ठेवा, तासाभराचं काम आहे.

आता मापं नीट येतात. तरी बाजूच्या शिलाईत दोन्हीकडे एकेक इंच मार्जिन मी अजूनही सोडते.