संस्थेचे ई-मेल वार्तापत्र कसे काढावे?

वार्तापत्राचे काम मजकुरापासून नव्हे, तर पत्त्यांच्या यादीपासून सुरू होते. नागपूरच्या धरमपेठेत एखादे व्याख्यान झाले की दारातल्या वहीत लोक नाव आणि ई-मेल लिहून जातात. दुसऱ्या दिवशी त्यातला आकडा एक की अक्षर एल, शून्य की ओ, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून वहीत ‘वार्तापत्र हवे आहे’ असा वेगळा रकाना आखावा, आणि तेथे खूण करणाऱ्यांचेच पत्ते, माणूस समोर असतानाच वाचून दाखवून, नीट उतरवून घ्यावेत. सभासद आहे एवढ्यावरून संमती गृहीत धरू नये.

त्यानंतर मजकूर गोळा करावा. पहिल्या अंकाला तीन-चार बातम्या पुरतात. कार्यक्रमाच्या सूचनेत वार, तारीख, वेळ आणि पूर्ण पत्ता हवाच. मनीषनगरहून प्रथमच येणाऱ्या वाचकाला सीताबर्डी मेट्रो स्थानकातून उतरल्यावर कोठे वळायचे, हेही लिहावे.

मराठी मजकुराची खरी अडचण फाँटची असते. जुने अहवाल बहुधा युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच अक्षरे दाखवणारी युनिकोड ही पद्धत रूढ होण्याआधीच्या, फाँटमध्ये टंकलेले असतात. ते ई-मेलमध्ये चिकटवले की वाचकाला अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. असा मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावा आणि मग ओळ न् ओळ तपासावी, कारण रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. संपूर्ण निमंत्रण चित्ररूपात पाठवणे टाळावे: कित्येकांच्या ई-मेलमध्ये चित्रे आपोआप उघडत नाहीत, आणि दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला चित्रातली तारीख सहसा वाचता येत नाही. अंकाचा मूळ कोड १०२ केबीच्या पुढे गेल्यास जीमेल खालचा भाग कापते, हेही ध्यानात असावे.

पाठवताना मी स्वतः एकदा सगळे पत्ते ‘टू’च्या रकान्यात टाकले होते, सर्वांचे पत्ते सर्वांना दिसले आणि दिवसभर एकेकाची क्षमा मागावी लागली. ‘बीसीसी’ने, म्हणजे ज्यातले पत्ते इतरांना दिसत नाहीत त्या रकान्याने, एवढे टळते, परंतु साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांनाच पाठवता येते. त्यामुळे वार्तापत्रासाठीचीच सेवा घ्यावी, आणि संस्थेच्या डोमेनवर (ई-मेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावर) एसपीएफ व डीकेआयएम या, पत्र खरोखर संस्थेकडूनच आले आहे हे पटवणाऱ्या नोंदी जाणकाराकडून करून घ्याव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक प्रेषकाकडून यांपैकी किमान एक नोंद मागते. ‘नाव वगळा’ हा दुवा ठळक ठेवावा. तो सापडला नाही, तर त्रासलेला वाचक ‘स्पॅम’चे बटण दाबतो आणि पुढचे अंक इतरांनाही पोहोचेनासे होतात.

अंक आधी स्वतःला आणि एका सहकाऱ्याला पाठवून मोबाइलवर उघडावा, प्रत्येक दुवा दाबून पाहावा. किती जणांनी अंक उघडला, या आकड्यावर फार विसंबू नये; अंकातले चित्र उतरवले गेले की तो उघडला असे मोजले जाते. २०२१ पासून ॲपलचे मेल ॲप वाचकाने न उघडताही चित्रे उतरवून घेते आणि आकडा फुगतो. ज्या पत्त्यांवर अंक न पोहोचता परत आला, ते त्याच आठवड्यात वहीशी ताडून पाहावेत, आणि वाचकांची उत्तरे ज्या पत्त्यावर येतात तो कोणीतरी रोज उघडावा.