सेलची जोडी फोडू नका

आमच्या घरात चपला, मोजे आणि चार्जिंगचे सेल या तिन्ही गोष्टी जोडीनेच वापरायच्या असा नियम आहे. पहिल्या दोघांच्या बाबतीत सगळा आनंदच आहे. तिसरा मात्र मुलाच्या रिमोटवाल्या गाडीने शिकवला.

गाडीला चार पेन्सिल सेल लागतात. तीन ताजे चार्ज केलेले होते, चौथा सापडेना, म्हणून चिरंजीवांनी ड्रॉवरमधला कधीचा तरी सेल बसवला. खेळून झाल्यावर गाडी चालूच राहिली. संध्याकाळी अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती उचलली आणि हाक मारली, "अगं, हिला ताप आलाय बघ!" झाकण उघडलं तर चौथ्या सेलच्या बुडाशी बुळबुळीत ओल.

होतं असं की कमजोर सेल आधी रिकामा होतो, पण उरलेले तिघे त्याच्यातून वीज ढकलतच राहतात. तो उलटा चार्ज होतो, तापतो, आत वायू साठतो आणि गळायला लागतो. म्हणून आता आणल्या दिवशीच मार्करने सेलवर अक्षर आणि महिना-वर्ष लिहिते. 'क' गटातले चारही एकत्रच वापरायचे, एकत्रच चार्ज करायचे. एक बाद झाला की उरलेले गाडीत नाही, एकेकटा सेल लागतो तिथे जातात.

चार्जर घेताना प्रत्येक खाचेला वेगळा दिवा आहे का ते बघा. तसा चार्जर सहसा एकेक सेल तपासून भरला की थांबतो. स्वस्तातले बरेच चार्जर जोडीनेच भरतात आणि आपण बंद करेपर्यंत भरतच राहतात. त्यांना हिशोब लागतो: सेलमध्ये मावणारी वीज २००० एमएएच आणि चार्जर देतो तो करंट २०० एमए असेल (दोन्ही आकडे त्यांच्यावर लिहिलेले असतात), तर गणिताने दहा तास, पण थोडी वीज उष्णतेत जाते म्हणून रिकाम्या सेलला चौदा-पंधरा. टायमरवाल्यात आणखी एक गोम. मध्येच लाइट गेली की आल्यावर काहींचा टायमर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. आमच्याकडे लाइट जाते, त्यामुळे मी दिवसाच लावते, ओट्याच्या कोरड्या टोकाला, शेगडीपासून लांब. गादीवर कधीच नाही. सेल कोमट झाला तर ठीक, मुठीत धरून दहा आकडे मोजता आले नाहीत तर प्लग काढा आणि तो सेल पुन्हा लावू नका. साधा, म्हणजे एकदा वापरून टाकायचा सेल तर चार्जरमध्ये घालूच नका.

आता सेल हातात घेऊन वरचं टोक नीट बघा. मधलं बोंडूक धन, पण त्याच्या भोवतीचा खांदा आणि अख्खं अंग ऋण. दोघांच्या मध्ये एवढीशी फट, आणि खांद्यावर रंगीत प्लास्टिकचं पातळ साल. ते साल फाटलं की धातूचा तुकडासुद्धा धन-ऋण थेट जोडून शॉर्ट करू शकतो, म्हणून सेल बाद, चालत असला तरी. पर्समध्ये किल्ल्या, नाणी आणि सुटे सेल एकत्र ठेवले तरी तोच शॉर्ट होतो. डबी घ्या, दहा-वीस रुपयांचं काम.

पेन्सिल सेलच्याच मापाचा एक लिथियम सेल मिळतो, त्यावर ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं. तो रिमोटमध्ये किंवा खेळण्यात घातलात तर वस्तू जळू शकते. आपले १.२ व्होल्टचे असतात, आकडा वाचूनच घ्या.

अप्पांच्या बीपीच्या मशीनला चार सेल, म्हणजे साध्यांचे ६ व्होल्ट, आपल्यांचे ४.८. काही मशीन एवढ्यावर कुरकुरतात, म्हणून आधी पुस्तिका बघा. गॅस गीझरलाही पुस्तिकेत सांगितलेलेच सेल, तिथे प्रयोग नकोत. भिंतीवरच्या घड्याळाला साधा सेल पुरतो. वर्षभर कोणी बघत नाही, आणि चार्जिंगचा सेल तिथे पार रिकामा होऊन मरतो.

बाद सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून मी बरणीत साठवते. बरणी भरली की ई-कचरा घेणाऱ्यांकडे. ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही.